महाराष्ट्रात कॅमेरा आला कसा? पहिले फोटोग्राफर, आणि फोटोत उभी राहिलेली माणसं

झाशीच्या राणीचा 'खरा फोटो' तुमच्याही व्हॉट्सॲपवर कधी ना कधी आला असेल. जून आला की तो फिरतो, नोव्हेंबर आला की पुन्हा फिरतो. सोबत मजकूर असतो की हा फोटो १८५० साली हॉफमन नावाच्या गोऱ्या फोटोग्राफरनं काढला. दागिने घातलेली एक बाई खुर्चीवर बसलेली दिसते, लोक हात जोडतात आणि पुढच्या ग्रुपवर पाठवून मोकळे होतात.

आता जरा हिशेब करून बघा. कलकत्त्यात 'जॉन्स्टन अँड हॉफमन' नावाचा मोठा स्टुडिओ होता ही गोष्ट खरी, पण तो सुरू झाला १८८०च्या दशकात. राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या जून १८५८ मध्ये. म्हणजे ज्या नावाच्या आधारावर हा फोटो फिरतो, ते नाव त्या साली बसतच नाही. मग फोटोतली ती बाई कोण? तिलाही काही नाव असेल, घरदार असेल. व्हायरल होण्याच्या गडबडीत तिला दुसऱ्याचं नाव चिकटलं आणि तिचं स्वतःचं गेलं.

जुन्या फोटोंच्या बाबतीत हे फार वेळा होतं, आणि त्याची सुरुवात व्हॉट्सॲपच्या खूप आधी, कॅमेरा इथं पोचला तेव्हाच झाली. म्हणून ही गोष्ट मुळापासून बघायला हवी.

बोटीतून आलेली जादू

पॅरिसमध्ये लुई दागेर याच्या शोधाची जाहीर घोषणा झाली जानेवारी १८३९ मध्ये, आणि त्याची कृती सगळ्यांसाठी खुली झाली त्याच वर्षीच्या १९ ऑगस्टला. (आज १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो, तो यामुळेच.) चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणाऱ्या या चित्राला 'दागेरोटाइप' म्हणत. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात त्याबद्दल छापून आलं, आणि १८४०च्या सुरुवातीला कलकत्त्यात कॅमेरे विकायला असल्याची जाहिरातही लागली. तेव्हा आगगाडी नव्हती, तारायंत्र नव्हतं, सुवेझचा कालवाही नव्हता. तरीही पॅरिसमधली नवी वस्तू वर्षभरात इथं दारात आली होती.

दागेरोटाइपची एक मोठी अडचण होती. त्याची दुसरी प्रत निघत नसे. एक फोटो म्हणजे एकच पत्रा. इंग्लंडमध्ये विल्यम फॉक्स टॅल्बटनं कागदाची निगेटिव्ह शोधली आणि १८४१ साली तिचं पेटंट घेतलं. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या, पण कागदाच्या धाग्यांमुळे चित्र थोडं भुरकट येई. पुढे १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं काचेवरची निगेटिव्ह आणली. चित्र स्वच्छ आणि प्रती हव्या तेवढ्या. पुढची तीसेक वर्षं जगभर याच पद्धतीचं राज्य होतं.

एक फोटो काढायला काय काय लागायचं?

आज फोन खिशातून काढला की झालं. तेव्हाची तऱ्हा निराळी होती.

आधी काच घासूनपुसून लख्ख करायची. मग तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतून, काच तिरकी फिरवत सगळीकडे सारखं पसरवायचं. हे कलोडियन म्हणजे आम्लांमध्ये मुरवलेला कापूस, ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला. कापसाच्या वऱ्हाडातल्या वाचकांना याची गंमत वाटेल. जगातले लाखो जुने फोटो कापसाच्याच थरावर उमटले आहेत.

मग अंधाऱ्या तंबूत जाऊन ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, फोटो घ्यायचा आणि पळत तंबूत परत येऊन रसायनानं धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकायला लागे, कारण थर वाळला की काच वाया. विदर्भातल्या मे महिन्यात तर तेवढाही वेळ मिळाला नसता.

कागदावर प्रत काढायची तर कागदाला अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर द्यायचा. जुन्या फोटोंचा तपकिरी-पिवळसर रंग बऱ्याचदा या कागदाचा असतो.

फोटोसाठी बसणाऱ्याचीही परीक्षा असे. काही सेकंद अजिबात हलायचं नाही. हलू नये म्हणून स्टुडिओत डोक्यामागे लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोतले आजोबा-पणजोबा रागावलेले दिसतात, त्यात या आधाराचा आणि रोखलेल्या श्वासाचा मोठा वाटा आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. या काचेला निळा रंग फार लवकर दिसे आणि लाल जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे आभाळ पांढरं यायचं, कुंकू काळं यायचं, लाल लुगडंही काळं यायचं. जुन्या फोटोवरून कुणाच्या कपड्याचा किंवा कातडीचा रंग ठरवू नये तो यासाठीच.

आणि हे सगळं सामान वाहायचं कुणी? काचांच्या पेट्या, बाटल्या, तंबू, पाणी, तिपाई. सॅम्युअल बोर्न हा त्या काळचा फार नावाजलेला फोटोग्राफर. त्यानं १८६४ साली काश्मीरची सफर केली तेव्हा त्याच्याबरोबर चाळीसहून अधिक हमाल होते. बोर्नचं नाव प्रत्येक फोटोखाली मिळतं. ज्यांच्या खांद्यावरून त्या काचा डोंगर चढल्या, त्यांच्या नावांसाठी त्या फोटोंखाली जागा नव्हती.

मुंबईची सोसायटी आणि त्यातले मराठी डॉक्टर

ऑक्टोबर १८५४ मध्ये 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' सुरू झाली. लंडनची अशीच संस्था जेमतेम दोनेक वर्षं आधीची होती, आणि कलकत्ता व मद्रासच्या संस्था १८५६ साली, म्हणजे मुंबईनंतर आल्या. कॅप्टन हॅरी बार हे पहिले अध्यक्ष. वर्षभरात सभासद दोनशेच्या घरात गेले. संस्थेचं स्वतःचं नियतकालिक निघे, प्रदर्शनं भरत, कुठलं रसायन उन्हाळ्यात टिकतं यावर चर्चा चाले.

सभासदांत अर्थातच साहेब लोकांचा भरणा होता, पण दोन मराठी नावं सुरुवातीपासून दिसतात. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी. भाऊ दाजींचं नाव भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयामुळे आज सगळ्यांना माहीत आहे. वैद्यक, समाजकारण, जुने शिलालेख वाचणं असा त्यांचा व्याप होता, आणि त्यात फोटोग्राफीही होती. धाकटे नारायण दाजी मात्र कॅमेऱ्यात जास्त रमले. ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकलेले हे डॉक्टर सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर होते आणि मुंबईतल्या निरनिराळ्या लोकांचे त्यांनी काढलेले फोटो तिथल्या प्रदर्शनात लागत.

१८५५ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफी शिकवायचा वर्ग निघाला. शिकणाऱ्यांत बहुतेक देशी तरुण होते. कंपनी सरकारचा यातला हेतू सरळ होता, कामाला हाताशी माणसं हवी होती. त्याच साली कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी हुकूम काढला होता की इथल्या जुन्या इमारतींची नोंद चितारी ठेवून करण्यापेक्षा फोटोनं करावी. मुंबई सरकारनं कॅप्टन थॉमस बिग्ज यांना त्या कामावर नेमलं, आणि त्यांनी विजापूर, बदामी, ऐहोळेचे फोटो घेतले.

एल्फिन्स्टनच्या वर्गातून बाहेर पडलेलं सर्वात ठळक नाव म्हणजे हरिश्चंद्र चिंतामण. त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि पुढची अनेक वर्षं तो चालवला. १८६७ सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचे फोटो गेले होते. हा माणूस नुसता फोटोग्राफर नव्हता. भगवद्गीतेवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १८७४ साली लंडनला निघालं, आणि मुंबईच्या आर्य समाजाचे ते अध्यक्षही होते. थिऑसॉफिकल सोसायटीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा गिरगावात त्यांच्या मुक्कामाची सोय यांनीच केली होती. पुढे त्यांचं आपसात बिनसलं, ती गोष्ट वेगळी.

'फोटोग्राफी गोऱ्यांनी आणली आणि आपण नुसते बघत राहिलो' असं अनेकांना वाटतं. पहिली सोसायटी आणि पहिला वर्ग पाहिला तर आपली माणसं त्यात पहिल्या दिवसापासून दिसतात. साहेबांच्या संस्थेत बसून, साहेबांच्या बरोबरीनं ती काम करत होती.

कात्री आणि डिंक: १८६३ सालचं फोटोशॉप

मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा सरकारी नोकरीतला एक इंग्रज १८५०च्या दशकात फोटोच्या धंद्यात उतरला. विल्यम हेंडरसन या जोडीदाराबरोबर त्यानं १८५६ ते १८५८ या काळात एक मासिक अल्बम काढला. प्रत्येक अंकात खरेखुरे फोटो चिकटवलेले असत, कारण छापखान्यात फोटो छापायची सोय तेव्हा नव्हती.

पुढे जॉन्सननं मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवर दोन खंडांचं पुस्तक केलं. पहिला खंड १८६३ सालचा, दुसरा १८६६ सालचा. पहिल्यात गुजरात, कच्छ आणि काठेवाड, दुसऱ्यात महाराष्ट्र. पानं उलटली की वाटतं, फोटोग्राफर गावोगाव फिरला असणार. माणसं आपापल्या घरासमोर, देवळासमोर, समुद्राकाठी उभी दिसतात.

तसं काही नव्हतं. माणसांचे फोटो एकीकडे घेतलेले, आणि मागची देवळं, वाडे, झाडं दुसरीकडची. जॉन्सननं कात्रीनं माणसं कापली, दुसऱ्या फोटोवर चिकटवली आणि त्या जोडकामाचा नवा फोटो काढला. नीट बघितलं तर काही पानांत माणसाच्या कडा जरा जास्तच ठळक दिसतात, उजेड एका बाजूनं येतो आणि सावली भलतीकडेच पडते.

यात फसवायचा हेतू होता असं म्हणायचं कारण नाही. स्टुडिओबाहेर ओल्या काचेवर माणसांचे घोळके टिपणं फार अवघड होतं, म्हणून त्यानं शोधलेली ती वाट होती. परिणाम मात्र व्हायचा तो झाला. अमुक जातीचा माणूस असा दिसतो, अशाच ठिकाणी राहतो, असं ते पान सांगू लागलं. त्या माणसाचं नाव काय, तो खरंच तिथं राहत होता का, हे पानावर नसतंच. खाली असतं जातीचं नाव.

अजिंठ्याचा मेजर आणि लोणारचं देऊळ

कॅमेरा घेऊन मुंबईपासून दूर आत शिरलेला माणूस म्हणजे रॉबर्ट गिल. मद्रास फौजेतला हा अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या कामावर नेमला गेला. काम होतं लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रती रंगवायचं. अजिंठा गावातल्या बारादरीत तो राहिला आणि आयुष्याची उरलेली बरीच वर्षं त्यानं याच परिसरात काढली. त्याची आणि गावातल्या पारोची गोष्ट मराठी वाचकांना ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या काव्यामुळे आणि २०१२ सालच्या चित्रपटामुळे माहीत आहे. पारो २३ मे १८५६ रोजी गेली. ती तारीख आणि तिचं नाव अजिंठ्यातल्या तिच्या थडग्यावर कोरलेलं आहे.

त्याच सुमारास गिलच्या हाती कॅमेरा आला. तो दोन भिंगांचा स्टिरिओ कॅमेरा वापरे. दोन डोळ्यांत असतं तेवढं अंतर ठेवून एकाच वेळी दोन फोटो घ्यायचे. ते स्टिरिओस्कोप नावाच्या छोट्या यंत्रातून पाहिले की चित्राला खोली येते, लेण्याचे खांब पुढेमागे दिसू लागतात. आजच्या व्हीआर चष्म्याचा हा पणजोबाच.

१८६४ साली गिलच्या फोटोंची दोन पुस्तकं लंडनला निघाली. मजकूर जेम्स फर्ग्युसन या वास्तुइतिहासकाराचा. एकात लेण्यांचे ७४ फोटो, दुसऱ्यात १०० स्टिरिओ फोटो. गिल अजिंठा-वेरूळवर थांबला नाही. तेव्हा निजामाच्या मालकीचं पण १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेलं वऱ्हाड त्याला जवळच होतं. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचे आणि सरोवराकाठच्या देवळांचे त्यानं घेतलेले फोटो हे विदर्भाच्या सर्वात जुन्या फोटोंपैकी आहेत.

या फोटोंची किंमत कळायला डिसेंबर १८६६ मध्ये काय झालं ते पाहावं लागतं. गिलनं वर्षानुवर्षं खपून रंगवलेल्या अजिंठ्याच्या प्रती लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेल्या होत्या. तिथं आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळाल्या. १८७२ पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते काम पुन्हा नव्यानं केलं. त्यातल्याही पुष्कळ प्रती १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत गेल्या. अजिंठ्याची चित्रं परदेशात दोनदा जळाली ती अशी. चित्राची प्रत एकच असते. फोटो मात्र अनेक पुस्तकांत, अनेक कपाटांत विखुरलेले होते, म्हणून ते राहिले. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

माणसांचे 'नमुने'

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला एक गोष्ट कळून चुकली होती. ज्यांच्यावर राज्य करायचं ती माणसं आपल्याला ओळखीची नाहीत. गव्हर्नर जनरल कॅनिंग यांना आधी हौस म्हणून इथल्या लोकांचे फोटो हवे होते. त्या हौसेचं पुढे सरकारी काम झालं आणि त्यातून 'द पीपल ऑफ इंडिया' हा ग्रंथ उभा राहिला. १८६८ ते १८७५, आठ खंड, साडेचारशेहून अधिक फोटो. संपादक फोर्ब्ज वॉटसन आणि जॉन विल्यम के. प्रत्येक फोटोसोबत त्या जमातीचा स्वभाव, धंदा आणि सरकारशी ती कितपत इमानी, याबद्दलची शेरेबाजी. फोटोत एक जिवंत माणूस, आणि मजकूर साऱ्या जमातीबद्दल.

हे फक्त हिंदुस्थानात घडलं असंही नाही. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. तिथं पहिला फोटो निघाला १८४१ साली, सिडनीत. १८७०च्या दशकात न्यू साउथ वेल्समधल्या ग्राफ्टन गावी जॉन विल्यम लिंट या जर्मनीतून आलेल्या फोटोग्राफरनं तिथल्या मूळ रहिवाशांना स्टुडिओत आणलं. मागं रानाचा रंगवलेला पडदा, पुढं मांडलेल्या फांद्या आणि हत्यारं. गोऱ्या वसाहतींनी ज्यांची जमीन घेतली होती, त्यांनाच रानातले म्हणून चार भिंतींच्या आत उभं केलं. तो अल्बम जगभर खपला. फोटोग्राफरला पदकं मिळाली, आणि बसलेली माणसं बिननावाची राहिली.

पण तिथली गोष्ट तेवढ्यावर संपली नाही. शंभरहून अधिक वर्षांनी ग्राफ्टनमध्ये हे फोटो परत आले, आणि त्या माणसांच्या वंशजांनी, गावातल्या जाणत्यांनी चेहरे ओळखायला सुरुवात केली. काही जणांची नावं पुन्हा मिळाली. 'मूळ रहिवासी स्त्री' एवढीच ओळख उरलेली एक तरुणी मेरी ॲन म्हणून पुन्हा ओळखली जाऊ लागली. फोटो तोच राहिला, त्याच्याखालची ओळ बदलली.

पांढरकवड्याहून बघताना

यवतमाळ जिल्ह्याला १९०५ पर्यंत 'वणी जिल्हा' म्हणत, इंग्रजी कागदांत 'वून'. पांढरकवडा हे त्यातल्या केळापूर तालुक्याचं ठाणं. १८९७ साली हेन्री कझिन्स यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या प्राचीन अवशेषांची यादी प्रसिद्ध केली, त्यात हा जिल्हाही आला. देवळं आणि लेणी अशी कागदावर आली. कझिन्स स्वतः चांगले फोटोग्राफर होते. पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम भागातल्या कामात त्यांनी घेतलेले फोटो अभ्यासक आजही वापरतात.

माणसांची नोंद आली ती रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या चार खंडांतून. केळापूर-वणी भागातले कोलाम, गोंड आणि इतर जमाती त्यात आहेत. कोलाम ही आज महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक, दुसरे दोन कातकरी आणि माडिया गोंड. १९४०च्या दशकात पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादमध्ये क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञानं गोंड आणि कोलामांचे पुष्कळ फोटो घेतले. ते लंडनच्या सोआस या संस्थेच्या संग्रहात आहेत. नदीच्या अलीकडे-पलीकडे एकच सोयरगत, त्यामुळे पांढरकवड्याच्या आसपासच्या पोडांवरच्या कुणाचे आजे-पणजे त्यात असणं अशक्य नाही.

पांढरकवड्याचं नाव कॅमेऱ्यासोबत देशभर गेलं ते मात्र २०१८ साली. टी-१ वाघीण, म्हणजे 'अवनी'. रानात लावलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये तिचे फोटो येत, पट्ट्यांवरून ओळख पटवली जाई, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली आणि देशभर वाद पेटला. तिच्या नावाचे हॅशटॅग चालले. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं होतं. त्यातले बहुतेक शेतकरी, गुराखी. त्यांतल्या एकाचं तरी नाव त्या हॅशटॅगखाली लिहिणाऱ्या किती जणांना सांगता आलं असतं? दीडशे वर्षांपूर्वीच्या अल्बममध्ये जे झालं, तेच फोनच्या पडद्यावर पुन्हा झालं.

स्टुडिओ गल्लीत आला, फोटो हलू लागला

१८७१ साली रिचर्ड मॅडॉक्सनं कोरड्या काचेची पद्धत सुचवली आणि ती पुढच्या दशकात सगळीकडे पसरली. काच आता ओली ठेवायला नको, तंबू वाहायला नको. १८८८ साली कोडॅकचा कॅमेरा आला. फोटो स्वस्त झाला. राजेरजवाड्यांकडून तो वकील, मास्तर, सावकार यांच्या घरी आला, लग्नाच्या जोडप्याचा फोटो भिंतीवर लागू लागला. राजा दीनदयाळ यांनी १८९६ साली मुंबईत स्टुडिओ उघडला तेव्हा शहराला फोटोची चांगली सवय झाली होती.

त्याच वर्षी ७ जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं. सावेदादा मुळात फोटो स्टुडिओवाले. दादासाहेब फाळकेही गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा करत होते, तिथल्या प्लेगनं त्यांचं घर मोडलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छापखाना आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'. मराठी माणसाचा सिनेमा फोटोच्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर आला तो असा.

जुना फोटो हाती आला तर काय पाहाल?

फॉरवर्ड करण्याआधी पुढच्या गोष्टी तपासल्या तरी पुष्कळ गोंधळ टळतो.

• फोटो कशावर आहे? आरशासारखा चमकणारा धातूचा पत्रा असेल तर दागेरोटाइप, म्हणजे साधारण १८४० ते १८६० चा काळ. पातळ, तपकिरी कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर बहुधा १८५५ ते १८९५ च्या दरम्यानचा.

• पुठ्ठा केवढा आहे? साधारण ६ बाय १० सेंटिमीटरचा छोटा पुठ्ठा ही १८६०च्या दशकाची चाल, तर तळहाताएवढा मोठा पुठ्ठा त्यानंतरचा.

• खाली किंवा मागे स्टुडिओचं नाव आहे का? तो स्टुडिओ कधी सुरू झाला ते शोधा. झाशीच्या राणीच्या फोटोचा दावा इथंच अडखळतो.

• माणूस आणि मागचं दृश्य यांचा उजेड जुळतो का? नसेल जुळत तर पडदा असेल, किंवा जॉन्सनची कात्री.

• फोटोखालचा मजकूर कुणी लिहिला? काढणाऱ्यानं, विकणाऱ्यानं, की शंभर वर्षांनी कुणीतरी अंदाजानं?

आणि एक काम घरातलं. माळ्यावरच्या पेटीत, देव्हाऱ्याशेजारच्या फ्रेममध्ये जुने फोटो असतील. ते ओळखणारी आजी, मोठी आत्या, चुलत आजोबा अजून असतील तर त्यांच्यापुढे तो फोटो ठेवा आणि कोण कोण आहे ते विचारा. मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं, नाव, गाव आणि अंदाजे साल लिहा. शाईचं पेन नको, ती पुढच्या बाजूला उतरते. फ्रेमवर पट्टी चिकटवू नका, फोनमध्ये स्कॅन काढून फाइलच्या नावातही तीच माहिती टाका.

ग्राफ्टनच्या लोकांना मेरी ॲनचं नाव परत मिळवायला शंभराहून जास्त वर्षं लागली. घरच्या फोटोतल्या माणसाचं नाव आज विचारलं तर पाच मिनिटांत मिळतं. ती आजी गेली की मग त्या फोटोतल्या बाईलाही कुणीतरी, कुठल्यातरी ग्रुपवर, भलतंच नाव देईल.